धोका ‘स्वीकारला’ असे कोणी ठरवायचे?

“रोज लोकलच्या दारात लटकणाऱ्या मुंबईकराने रिफायनरीच्या शेजाराला घाबरू नये, सामान्य माणसाला आकडे कळत नाहीत, आणि माहुलला राहायला गेले त्यांनी तो धोका स्वीकारलाच आहे,” हा युक्तिवाद मुंबईत चेंबूरजवळच्या, रिफायनरीला लागून असलेल्या माहुलबद्दल व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतो आहे. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी लोकल. स्वखुशीने पत्करलेला धोका माणसे लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात, असे चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्येच मांडले होते. भरलेली लोकल सोडून पुढची पकडता येते (कामाची वेळ गाठायची असेल तर तेही जमत नाही, हे मान्य), पण श्वास घेणे पुढे ढकलता येत नाही.

आकडे न कळण्याचे म्हणाल, तर पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवून दिले की सामान्य लोक मृत्यूंच्या सरासरीपलीकडचे काही मोजतात: धोका आपल्या हाती आहे का, एका फटक्यात किती माणसे जातील, पुढच्या पिढीला काय भोगावे लागेल. भोपाळनंतर या मोजमापाला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खरा प्रश्न ‘स्वीकारला’ या शब्दाचा आहे. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीला धोका नको म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश झाला, तिथली घरे पाडली गेली आणि त्या कुटुंबांना माहुलच्या इमारती दाखवण्यात आल्या. समोर रिफायनरी, आणि दोन इमारतींत अंतर इतके कमी की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते; लोकांना तिथे पाठवणे त्यानंतरही चालू राहिले. पाडलेले घर किंवा माहुल, एवढेच समोर असताना घेतलेल्या किल्लीला संमती म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये शेकडो कुटुंबे विद्याविहारला त्याच जलवाहिनीशेजारी रस्त्यावर येऊन बसली. धोका स्वीकारला का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर हेच होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला.