पीयूसीत नापास झालेल्या गाडीच्या मालकास हिताच्या चार गोष्टी

गाडी पीयूसीच्या तपासणीत नापास झाली, म्हणजे आपल्याला एक कागद मिळायचा राहिला, एवढेच झाले आहे, हे सर्वप्रथम मनाशी पक्के करावे. इंजिनात पेट्रोल नीट जळत नसेल, एखादा भाग निकामी झाला असेल, असले अभद्र विचार या प्रसंगी मनात आणू नयेत. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनमधला मुलगा आपल्या सायलेन्सरमध्ये नळी सरकवतो, संगणकाच्या पडद्यावर चार-पाच आकडे उमटतात आणि तो नकारार्थी मान हलवतो, त्या क्षणी पडद्याकडे पाहण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. ते आकडे पाहिले, आणि विशेषतः मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवला, तर दोष कोठे आहे याचा निम्मा पत्ता तिथल्या तिथे लागतो आणि पुढचा बराचसा खर्च टळतो. खर्च टळला तर सुटे भाग विकणाऱ्यांनी आणि टाकीत ओतायच्या औषधांच्या बाटल्या भरणाऱ्यांनी करायचे काय, याचाही विचार जबाबदार नागरिकाने केला पाहिजे.

कायद्याचा रोखही कागदाकडेच आहे, असे समजून चालण्यास हरकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 115 धुराच्या मर्यादा ठरवून देतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने वाहन चालवण्यास अपात्र, अशी तरतूद आहे. एवढी शिक्षा वाचल्यावर शहाण्या माणसाचे लक्ष धुरावरून उडून प्रमाणपत्रावर खिळते. ते तसेच खिळलेले राहू द्यावे.

पहिला उपाय म्हणजे यंत्र खोटे ठरवणे. नाचता येईना त्याला अंगण वाकडे असते आणि गाडी पास होईना त्याला यंत्र बिघडलेले असते, ही आपली जुनी परंपरा आहे. तेव्हा लगेच दुसऱ्या केंद्रावर जावे, तिथे जमले नाही तर तिसऱ्या, आणि ‘आपला माणूस’ भेटेपर्यंत हा प्रवास चालू ठेवावा. दिल्लीकरांनी या बाबतीत पुष्कळ प्रगती केली आहे. तिथल्या वाहन प्रदूषणाविषयी कॅगचा जो अहवाल 2025 मध्ये विधानसभेत मांडला गेला, त्यानुसार कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोकार्बन मर्यादेपलीकडे असूनही 1.08 लाखांहून अधिक गाड्यांना प्रमाणपत्रे मिळाली होती. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याच्या नोंदीही त्यात आहेत. यंत्रापुढे गाडी उभी करण्याची जुनाट पद्धत ज्यांनी इतकी मागे टाकली, त्यांच्यापुढे आपण अजून बरेच मागासलेले आहोत, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

गाडी नक्की नापास व्हावी अशी इच्छा असल्यास तपासणीला थंड इंजिन घेऊन जावे. घराजवळचे केंद्र निवडावे, म्हणजे दोन गल्ल्यांच्या प्रवासात काही तापत नाही, आणि रांगेत उभे असताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद ठेवावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे कॅट-कॉन म्हणतात, तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. तोवर इंजिनातून निघालेला विषारी वायू जसाच्या तसा नळीतून बाहेर पडतो. पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, इंजिन चालू ठेवून थेट यंत्रापुढे उभे राहणारे लोकही असतात, आणि कित्येकदा त्यांच्या गाडीत काहीच न बदलता ती पास होते. अशा लोकांना खर्च करण्याचा आनंद कधी कळणार नाही.

आता त्या आकड्यांविषयी. ते पाहायचे नाहीत, हे ठरलेच आहे, पण चुकून नजर गेली तर निदान त्यांचा अर्थ लावू नये. भारत स्टेज चार या धुराच्या सरकारी मानकापासून पुढच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम एवढी मर्यादा आहे, आणि मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांची रेस देऊन केलेल्या दुसऱ्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा (नेमके प्रमाण म्हणजे 1, हवा जास्त झाली की तो वर जातो), 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान असावा लागतो. अडचण अशी आहे की हे आकडे मोठे चहाडखोर आहेत. समजा, कार्बन मोनॉक्साइड 2 टक्क्यांच्या घरात गेला आहे आणि हायड्रोकार्बन जेमतेम वाढला आहे, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एवढे उघड होते. गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी पडली की भांड्याचे बूड काळे होते आणि घरातली कोणीही बाई पातेले न बदलता बर्नर साफ करते, तेवढीच ही गोष्ट सोपी आहे. मग हवेची चोंदलेली जाळी, गळणारा इंजेक्टर, वाजवीपेक्षा वाढलेला इंधनाचा दाब, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा आणि उघडाच राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह अशी मोजकी ठिकाणे तपासावी लागतात. याउलट कार्बन मोनॉक्साइड ठीक आहे पण हायड्रोकार्बन 900 वर गेला आहे आणि ऑक्सिजनही चढलेला आहे, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही, गाडी मिसिंग करते आहे. प्लग, कॉइल, इनटेक मॅनिफोल्डची फाटलेली नळी, फारच झाले तर जळालेला व्हॉल्व्ह आणि गेलेले कॉम्प्रेशन, एवढ्यावर तपास संपतो. दोन आकड्यांवरून अर्धे इंजिन निर्दोष सुटते, हे कोणत्याही स्वाभिमानी गॅरेजला परवडणारे नाही. म्हणून गाडी सोपवताना मालकाने फक्त ‘पीयूसी होत नाहीये, काय ते बघा’ एवढेच म्हणावे आणि किल्ली देऊन घरी जावे.

थर्मोस्टॅटचे प्रकरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या कल्पकतेचा तो कळस आहे. मुठीत मावेल एवढा हा व्हॉल्व्ह इंजिन थंड असताना रेडिएटरकडचे पाणी अडवून धरतो आणि इंजिन पुरेसे तापले की मेणाच्या फुगण्याने आपोआप उघडतो. एखाद्या उन्हाळ्यात गाडी घाटात तापली की मिस्त्री या व्हॉल्व्हचे घर उघडतो, हिरवट पाण्याने माखलेला व्हॉल्व्ह पक्कडीत धरून दाखवतो आणि सांगतो, ‘साहेब, याची आपल्याकडे गरजच नाही, हा थंड देशांसाठी असतो.’ तो भाग डिकीत किंवा भंगाराच्या डब्यात जातो आणि झाकण पुन्हा बसते. गाडी तापण्याचे थांबते, मालक खूश होतो. त्यानंतर पावसाळ्यात हायवेला लागले की तापमानाचा काटा अर्ध्यावर कधी पोचतच नाही, पण काटा खाली असणे हे चांगलेच लक्षण असणार, असे धरून चालायचे. इंजिनच्या संगणकाला मात्र थंड देशांची माहिती नसते. पाण्याचे तापमान कमी दिसते म्हणून गाडी नुकतीच सुरू झाली आहे असे समजून तो बिचारा जादा पेट्रोल सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज घसरते, प्लग काळे होतात, आणि वर्षभराने पीयूसीच्या यंत्रात कार्बन मोनॉक्साइड चढतो. अशा वेळी सगळे बदलावे, फक्त तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवू नये. काही शेकड्यांत मिळणाऱ्या भागावर हे प्रकरण मिटले तर त्याची शोभा राहत नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर तो विझवणे हे आपले कर्तव्य आहे. हल्ली बऱ्याच गॅरेजांत स्कॅनर असतो. तो जोडावा, कोड वाचावा आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तो भाग ताबडतोब नवा घालावा. पी-0172, म्हणजे मिश्रण वाजवीपेक्षा घट्ट आहे, असे आले की धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलावा, कारण ही तक्रार त्याच्याच सांगण्यावरून नोंदली गेली असते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही पद्धत फार प्रशस्त आहे. चालत्या गाडीत कॅट-कॉनच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज 0.1 ते 0.9 या दरम्यान भराभर खालीवर होतो की एका जागी अडकून बसला आहे, हे स्कॅनरवर पाहायला दोन मिनिटे पुरतात. पण ती दोन मिनिटे पाहत बसल्याचे वेगळे बिल कोणी देत नाही, आणि दिले तर मालकच म्हणतो, नुसते बघण्याचे एवढे पैसे? तेव्हा दोष मिस्त्रीचाच आहे असेही नाही. आपण सगळ्यांनी मिळून हे घडवले आहे.

पी-0420 हा कोड आला तर मात्र आनंदाला पारावार राहू नये. कॅट-कॉनची कार्यक्षमता कमी झाली आहे, असा त्याचा अर्थ. आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे मौल्यवान धातू असल्यामुळे त्याची किंमतही घराण्याला साजेशी असते. हा भाग बदलताना एकच पथ्य पाळावे, तो का मेला याची चौकशी करू नये. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन तिथे पेटते, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळून गोळा होते. ऑइल खाणाऱ्या इंजिनात तिच्यावर राखेचा थर बसतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कॅट-कॉन बसवला तर गाडी पीयूसीत रुबाबात पास होते आणि पुढे जुन्याच्याच वाटेने नवाही जातो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला हा उपचार एकदा सुरू केला की पिढीजात चालतो.

याहून धाडसी मंडळी कॅट-कॉन फोडून आतून मोकळाच करून घेतात. पिकअप वाढतो, असे ती सांगतात. पिकअप वाढो न वाढो, कॅट-कॉनच्या मागच्या सेन्सरचा आलेख पुढच्यासारखाच खालीवर होऊ लागतो आणि पीयूसीचे यंत्र सरळ सांगते की बाहेर पडते ते कच्चे आहे. काहींच्या गाडीतून हा भाग रात्रीत चोरीला जातो आणि सकाळी सुरू करताच गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जते. त्यांच्याविषयी सहानुभूती आहे, पण त्यांचे निदान निदान कानाने तरी होते.

नळी अर्धीच घालायची, म्हणजे बाहेरची हवा मिसळून आकडे उतरतात, हा उपाय जाणकार हळू आवाजात सुचवतात. जुन्या गाड्यांच्या काळात तो फार गुणकारी होता. आता मात्र त्या मिसळलेल्या हवेने ऑक्सिजन वाढतो, कार्बन डायऑक्साइड चौदा-पंधरा टक्क्यांवरून खाली येतो आणि लॅम्ब्डा 1.03 च्या वर सटकतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडमध्ये वाचलेली गाडी लॅम्ब्डामध्ये पडते. सायलेन्सरचा जोड गळका असला की हाच चमत्कार काही न करता घडतो, तेव्हा नवे काही बसवण्याआधी जोडावर काजळीची काळी रेघ उमटली आहे का हे पाहणारा मिस्त्री धोकादायक समजावा.

डिझेलच्या गाडीत विचार करण्यासारखे थोडेच असते. तिथे रेस देऊन धुराची घनता मोजतात, भारत स्टेज चारच्या गाडीस मर्यादा 1.62 प्रतिमीटर. हवेची जाळी, टर्बोची फाटलेली नळी, ठिबकणारे इंजेक्टर आणि थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारा, काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह ही नेहमीची मंडळी सोडून बाकी सर्वांवर संशय घ्यावा.

परीक्षेपुरते शहाणे होण्याची विद्या शिकायचीच असेल तर फोक्सवॅगनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. या कंपनीने डिझेल गाड्यांच्या संगणकातच अशी सोय केली होती की प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून गाडी तेवढ्यापुरती सोवळी व्हावी आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मनसोक्त सोडावे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत हे उघडकीस आले, आणि भारतात पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेने तपासणी केल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. एवढा खटाटोप त्यांनी उगाच केला. आपल्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.

इतके सर्व करूनही गाडी पास होत नसेल, तर ती विकावी. त्याआधी वर सांगितलेल्या ‘आपल्या माणसा’कडून एकदा प्रमाणपत्र काढून घ्यावे, कारण भारत स्टेज चारपासून पुढच्या गाडीला ते पूर्ण एक वर्षासाठी मिळते. जाहिरातीत ‘एकहाती वापर, पीयूसी चालू’ असे ठळक अक्षरांत लिहावे आणि गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी इंजिन तापवून ठेवावे. गिऱ्हाईकाने बॉनेट उघडून थर्मोस्टॅटविषयी विचारले, तर मात्र ‘दुसऱ्या पार्टीशी बोलणे झाले आहे’ असे सांगून त्याला तिथूनच वाटेला लावावे.