उदास वाटतंय? डॉक्टर सोडून सगळ्यांना विचारा

परवा पुन्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला: 'डिप्रेशनच्या गोळ्या फेकून द्या, ही पावडर घ्या, शंभर टक्के नैसर्गिक.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ दे. रीतसर मार्गदर्शनच करावं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, यावर श्रद्धा ठेवा. धोतरा आणि कण्हेरही नैसर्गिकच आहेत.

डबीवर चूर्ण लिहिलंय की अर्क, हे वाचत बसू नका. अर्क १०:१ (दहा भाग मुळांपासून एक भाग अर्क) असेल तर ३०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ३ ग्रॅम मुळांचा ऐवज असतो. पण चमचा आपला आणि अंदाजही आपलाच!

थायरॉईडची गोळी चालू आहे? मग अश्वगंधा हवीच. तिने थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, वाढू शकतं, छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. याला 'अस्वस्थता' म्हणायचं आणि आणखी एक चमचा घ्यायचा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर उष्णता म्हणायचं. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, पण नोंदी वाचतो कोण?

झोपेसाठी सर्पगंधा. तिच्यातल्या रेसर्पिनने बीपी उतरतं, आणि उदासी येऊ शकते असा इशारा त्याच औषधाच्या माहितीपत्रकात असतो. काट्याने काटा!

आता परदेशातून आलेली बाटली, सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनौषधी. ही खरोखर काम करते. सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. म्हणूनच डॉक्टरांना अजिबात सांगू नका. ती यकृतातलं औषधं मोडणारं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम वाढवते आणि बाकीची बरीच औषधं शरीरातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. किडनी बदललेल्या माणसाच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन (नवी किडनी टिकवणारं औषध) इतकं खाली जाऊ शकतं की शरीर नवी किडनी नाकारतं. बाटली बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. आणि एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन अति वाढून दरदरून घाम, थरथर, स्नायूंना झटके, जुलाब, ताप, भ्रम. हा प्रकार जिवावर बेततो. वर काउंटरवाला सांगणार, 'साइड इफेक्ट नाही हो, झाडपाला आहे.' अहो, ज्याचा इफेक्ट आहे त्याचा साइड इफेक्ट असणारच!

ब्राह्मी उपाशीपोटी घ्या. मळमळ मोफत.

आणि शेवटची, सगळ्यांची आवडती सूचना: गोळी आजपासून एकदम बंद. दोन-चार दिवसांत डोक्यात विजेसारखे झटके, चक्कर, चिडचिड, भलती स्वप्नं सुरू झाली की ग्रुपवर उत्तर तयारच असतं, 'शरीरातली घाण बाहेर पडतेय.'

घाण नाही बाहेर पडत. औषध झटकन तोडल्याचा तो त्रास आहे, आणि काही आठवड्यांनी मूळ आजार परत आला की तुम्ही सल्ला देणारे कुठेच नसता. लाज वाटायला हवी. दुसऱ्याची गोळी सोडवण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? डोस कमी करायचा तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील. काढा घ्यायचाच असेल तर डबी घेऊन जा त्यांच्याकडे: नाव, मिलिग्रॅम, कधीपासून, सोबत काय चालू आहे, सगळं दाखवा. गरोदर असाल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर घेण्याआधीच विचारा. आणि घरातलं कोणी 'जगून काय करायचं' म्हणत असेल, तर त्याच्यापुढे चूर्ण ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलाही फोन लागतो.