खुलासा: स्कूबा करून त्याच दिवशी विमान पकडू नका

अंदमान सहलीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकला स्कूबा करा, दुपारी पोर्ट ब्लेअरहून उडा. केबिन प्रेशराइज्ड असते, काही होत नाही.’

हे चूक आहे आणि जिवावर बेतू शकतं. केबिनमधला हवेचा दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी होऊ शकतो. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन मग बुडबुडे होऊन सुटू शकतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित लकवाही मारतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते: डिकम्प्रेशन (वर येताना मध्ये थांबत थांबत येणं) न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर किमान 18 तास थांबा. शेवटचा दिवस राधानगर बीचला द्या ना!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.