दाखल्यावर न लिहिलेले कारण

‘धूर खाईसन कोन मरस?’ आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आप्पांनी गेल्या महिन्यात विचारलेला हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. अमळनेर तालुक्यात त्यांची कोरडवाहू कापसाची शेती आहे, आणि वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, चुलीपुरत्या बांधाला रचायच्या आणि उरलेल्या शेतातच पेटवून द्यायच्या ही रीत त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आली आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकणांमुळे देशात होणाऱ्या मृत्यूंची एक बातमी कोणीतरी गटात टाकली, त्यावर आप्पांनी लिहिले की ज्यावर कारण म्हणून हवा लिहिली आहे असा मृत्यूचा एक तरी दाखला दाखवा. हे सगळे परदेशी आकडे आहेत. आपली आजी जन्मभर चुलीपुढे बसली आणि नव्वदी पाहून गेली. खाली पटापट अंगठे उमटले. रात्रपाळी संपवून मी लुआसमध्ये, म्हणजे येथल्या ट्राममध्ये, बसले होते, आणि स्टॉप येईपर्यंत मी तीन उत्तरे लिहून तिन्ही पुसली.

आप्पांवर एकट्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. केवळ वायुप्रदूषणामुळेच मृत्यू झाला असे थेट सिद्ध करणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही, असे उत्तर सरकारनेही संसदेत एकाहून अधिक वेळा दिले आहे. या वाक्यातील ‘केवळ’ आणि ‘थेट’ हे दोन शब्द काढून टाकले तर वाक्य उभे राहत नाही. मी येथे आयर्लंडमध्ये, डब्लिनमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा जुना आजार, न्यूमोनिया ही दाखल्यावरची कारणे मला रोज दिसतात. माणसाने चाळीस वर्षे ओढलेली बिडी तेथे क्वचितच लिहिलेली असते, आणि म्हणून तंबाखूने कोणी मरत नाही असे आपण म्हणत नाही. बिडी ओढून नव्वदी गाठलेला एखादा म्हातारा प्रत्येक गावात असतो; तो दाखवून बिडी निर्दोष ठरत नाही, तशी आमची आजी दाखवून धूरही निर्दोष ठरत नाही.

आप्पांना दाखलाच हवा असेल, तर ब्रिटनमध्ये तसा एक आहे. लंडनच्या एका अतिवर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ मध्ये वारली. तिच्या आईने सोडले नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिले. असे त्या देशात प्रथमच घडले. परंतु एका आईला त्यासाठी जवळजवळ आठ वर्षे लागली, यावरूनच दाखला हा या प्रश्नाचा मापदंड होऊ शकत नाही हे कळावे.

असे मृत्यू दिसतात ते एका माणसात नव्हे, गावागावांच्या तुलनेत. अमेरिकेतील सहा शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा करून १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान, वय, वजन, शिक्षण यांचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत मळकट हवेच्या शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक, नाकातोंडात अडत नाहीत. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, तेथे दाह निर्माण करतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात आणि रक्तवाहिन्या कठीण करतात. म्हणूनच धुराचे बळी पुष्कळदा छाती भरून येऊन नव्हे, तर हृदय बंद पडून जातात, आणि आपण म्हणतो की माणूस बसल्या जागी गेला.

मी ज्या शहरात राहते त्याचेच उदाहरण शेवटी मी गटात दिले. तेलाच्या टंचाईनंतर येथील घरे कोळशाकडे वळली आणि हिवाळ्यात शहरावर काळा धूर साचू लागला. १ सप्टेंबर १९९० पासून डब्लिनमध्ये धुराच्या कोळशाची विक्री बंद झाली. हवेतील काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला, आणि बंदीपूर्वीच्या व नंतरच्या सहा-सहा वर्षांची तुलना करणाऱ्या २००२ च्या अभ्यासात वर्षाला साडेतीनशेच्या आसपास मृत्यू कमी झाल्याचे निघाले. हे लिहिताना माझ्या शब्दांत एक ताठा होता, तो मला आता जाणवतो. जणू बंदीच्या वेळी मी येथे होते, जणू ते धोरण मीच राबवले होते.

आप्पांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले की त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे हा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा श्वसनविकाराच्या मृत्यूंतील घट टिकली, मात्र हृदयविकाराची घट देशभर तशीही होत असल्याने ती कोळशाच्या बंदीपासून वेगळी काढता आली नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. मला ते ठाऊक होते आणि मी ते लिहिले नव्हते. अर्थात त्यामुळे आप्पांचा मुद्दा सिद्ध होत नाही. धूर कमी झाल्यावर छातीच्या आजाराने मरणारे कमी झाले, एवढे तरी त्या हिशेबातही उरतेच.

आणि आकडे परदेशी आहेत ही तक्रार तर आता चालणारच नाही. देशातील ६५५ जिल्ह्यांच्या २००९ ते २०१९ या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वार्षिक सरासरीत सूक्ष्म कण घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्युदर ८.६ टक्क्यांनी वाढतो असे त्यात दिसले. आपली राष्ट्रीय मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची ५. आमचे जळगाव २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतले गेले ते तेथील हवा ठरलेल्या मर्यादेत राहत नव्हती म्हणूनच. दुसऱ्या एका अभ्यासानुसार २०१९ मध्ये देशात वायुप्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, आणि त्यांतील सहा लाखांवर घरातल्या धुराचे होते. घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९० ते २०१९ या काळात निम्म्याहून खाली आला, बाहेरच्या हवेचा मात्र दुपटीवर गेला. आप्पांची चूल पहिल्या रकान्यात मोजली जाते आणि आप्पांच्या शेतातली आग दुसऱ्या.

एक गोष्ट मी गटात लिहिली नाही. माझ्या विभागातील एका सहकारिणीचे वडील पश्चिमेकडील मेयो परगण्यात अजूनही स्वतःच्या बॉगमधून, म्हणजे दलदलीच्या जमिनीतून, टर्फ काढतात; टर्फ म्हणजे वाळवून जाळायची तेथली माती. २०२२ मध्ये टर्फच्या विक्रीवर निर्बंध येऊ लागले तेव्हा ती चहाच्या सुट्टीत तावातावाने म्हणाली होती की आमची आजी एक्याण्णव वर्षे त्या शेगडीपुढे बसली, हे डब्लिनवाले आम्हाला काय शिकवणार. मी मान डोलावली होती. सूक्ष्म कणांमुळे या छोट्या देशातही वर्षाला दीड हजारांवर अकाली मृत्यू होतात असा येथील पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे, तोही मी तिला ऐकवला नाही. तिच्याशी वाद घालण्याइतका या देशावर माझा हक्क आहे असे मला तेव्हा वाटले नाही. आप्पांशी मात्र मी बिनदिक्कत भांडते.

गेल्या नोव्हेंबरात मी तिच्या गावी गेले होते. संध्याकाळी गल्लीत टर्फचा धूर उतरला होता, आणि एका घरासमोर मी थांबले, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मेथीची भाजी फोडणीला टाकण्यापूर्वी आईच्या पदराला असाच वास यायचा. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताना साल फुटून रस ठिबकायचा आणि चुर्र असा आवाज व्हायचा. ते भरीत येथे ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याचे होत नाही, हे मी आजही म्हणते.

आईने कधी तंबाखूही मळली नाही. तिचा खोकला आमच्या घरात इतका जुना होता की कोणी तिला आजारी म्हणत नसे, मीही नाही. पहाटे धाब्याच्या झरोक्यातून धूर वर जाऊ लागला आणि पाठोपाठ तिचा खोकला ऐकू आला की उजाडले असे आम्ही धरायचो. नर्सिंग शिकलेली मुलगी असून मी तिला कधी फुंकून पाहायची तपासणी करायला नेले नाही. तिच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडणे असे लिहिले आहे. मी पोहोचले तेव्हा तिसरा दिवस होता. तिची लोखंडी फुंकणी मी बॅगेतून येथे आणली. तिचे एक टोक काजळीने काळे आहे आणि दुसरे ओठ लागून लागून चकचकीत झाले आहे.

परवा मी आप्पांना नव्हे, वहिनींना फोन केला. सिलिंडर घरात आहे, पण तो पाहुण्यांसाठी आणि चहासाठी, असे त्या म्हणाल्या. भाकरी चुलीवरची लागते, आणि ‘पऱ्हाटी फुकटनी शे ना माय.’ सिलिंडरचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन, असे मी म्हणाले. त्यावर त्या काहीतरी बोलू लागल्या आणि त्यांना ढास लागली. फोन कानाला धरून ती थांबण्याची वाट पाहत मी उभी राहिले.