शहर वाढलं म्हणून रस्ते जोडले जात नाहीत

‘शहर जितकं मोठं, तितकं रस्त्यांचं जाळं घट्ट. पुण्याच्या पेठा म्हणजे बोळांचा गुंता. उपनगरांत रुंद रस्ते, कुठूनही कुठेही जा.’ सोबत रेघांनी गच्च भरलेला उपनगराचा नकाशा. हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, आणि आता खाली ‘फ्लॅट घेताना उपयोगी’ अशी ओळही चिकटली आहे. उपयोगी कसला!

रुंदी म्हणजे जोडणी नव्हे. कागदावर पाच बाय पाच चौकांची जाळी काढा: चौक 25, त्यांना जोडणारे तुकडे 40. आता तेच 25 बिंदू झाडासारखे जोडा, एक खोड आणि फांद्या: तुकडे 24. जाळीतला एक तुकडा ड्रेनेजसाठी खोदला तर शेजारच्या गल्लीतून दोन तुकडे जास्तीचा वळसा पडतो, बस. झाडात कुठलाही तुकडा खोदा, पलीकडचं सगळं तुटतं. तो 30 मीटर रुंद असला तरी अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडेच उभी.

उपनगरांत बरंचसं असंच झाड उगवतं. नगररचना योजनेत जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखतात, मग प्लॉट परत देतात. ती नसली की शेताच्या बांधाबांधाने सोसायट्या उठतात. प्रत्येकीला कंपाउंड, एकच गेट, तेही त्याच मुख्य रस्त्यावर. पाठीला पाठ लावलेल्या दोन इमारतींत अंतर नऊ इंचांच्या भिंतीचं, गाडीने दीड किलोमीटर.

‘मोठं शहर, घट्ट जाळं’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. दहा बाय दहाच्या जाळीत 100 चौकांना 180 तुकडे, म्हणजे चौकामागे 1.6 वरून 1.8. पण ही कडेची करामत: कडेच्या चौकांना तोंडं कमी, आणि जाळी मोठी झाली की कडेचा वाटा घटतो. झाड कितीही वाढवा, आकडा एकच्या खालीच.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2020 मध्ये जगभरचे रस्ते तपासले. 1975 पासून नवे रस्ते एकंदरीत कमी-कमी जोडलेले निघाले. अमेरिकेत मात्र 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर नव्या वस्त्या पुन्हा जास्त जोडलेल्या होऊ लागल्या. तेव्हा शहर वाढलं म्हणून आपोआप काही होत नाही.

पेठांत बंद बोळ आहेतच, कोण नाही म्हणतंय? पण बोळ चुकला तरी पुढचा चौक हाकेच्या अंतरावर असतो.

राहिला तो नकाशा. त्यावर चौक आणि तुकडे मोजताना नुसती वळणं चौक म्हणून धरू नका, उड्डाणपुलाखालचा रस्ता वरच्याला मिळतो असं समजू नका, आणि गेटच्या आतले खासगी रस्ते आधी वगळा. मेसेजमधल्या निम्म्या रेघा त्याच आहेत.