ताई, गॅस संपलाय

फ्रिज थंड करेनासा झालाय? अभिनंदन. आता दर महिन्या-दीड महिन्याने नेमाने घरी येणारा एक माणूस तुम्हाला मिळणार. मुंबईत सख्खी भावंडं गणपती सोडून फिरकत नाहीत, आमच्या विक्रोळीच्या घरी मात्र हा गृहस्थ एप्रिलपासून तीनदा येऊन गेला. त्याला चहात साखर कमी लागते हे आता सासूबाईंनाही पाठ आहे. एवढ्या अनुभवावर मी सल्ले द्यायला बसले तर नावं ठेवू नका.

पहिलं म्हणजे, स्वतः काही बघायचं नाही. मागची जाळी धुळीने भरलीय का, दाराचं रबर ढिलं पडलंय का, दारात दहाची नोट अडकवून ओढली तर अलगद सुटून येते का, असल्या चौकश्या रिकामटेकड्यांनी कराव्यात. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आपोआप बर्फ साचू न देणारा फ्रिज असेल तर फ्रीजरमधलं मागचं पॅनल उघडून आतल्या कॉइलकडे तर चुकूनही पाहू नका. पाहिलंत की कळतं. सगळी कॉइल बर्फाच्या लादीत गाडली गेली असेल तर गॅसचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो, डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर नाहीतर सेन्सर गेलेला असतो. आणि गॅस जिथून शिरतो तिथे चार बोटं बर्फ, पुढची नळी ठणठणीत कोरडी, कॉम्प्रेसर मात्र दिवसरात्र थांबायचं नाव घेत नाही, असं दिसलं तर गॅस कमी पडलाय. एकदा हे समजलं की समोरचा बोलत असताना गप्प बसणं फार जड जातं. मला गेलं.

फ्रीजरमधला बर्फ सुरीनेच खरवडा. ॲल्युमिनियमची कॉइल एका टोच्यात फुटते, वेळ वाचतो.

दुसरं. तो येईल, पिशवी खाली न ठेवता फ्रिजच्या पाठीमागे हात घालेल, कॉम्प्रेसरवर तळवा ठेवेल, डॉक्टर नाडी बघतात तसा छताकडे बघेल आणि म्हणेल, "ताई, गॅस संपलाय." यावर मान डोलवा. "अरे देवा, किती लागतील?" एवढंच विचारा. दुसरा प्रश्न शोभत नाही.

मीही नाही विचारला. एप्रिलमध्ये २,८०० रुपये मोजले. पेटी आली होती, रस काढून डब्यात भरला होता, मागे घरभर मुलं, कोण वाद घालणार? अडतीस दिवस फ्रिज छान चालला. वॉरंटी तीस दिवसांची होती. मे महिन्याच्या शेवटी परत तेच. परत तळवा, परत छत, परत "गॅस संपलाय". तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "अहो, दीड महिन्यात कसा संपला?" तर म्हणतो, "ताई, वापर जास्त असेल. उन्हाळ्यात गॅस जास्त खातो."

खातो! कोण खातो? फ्रिज म्हणजे काय रिक्षा आहे, सीएनजीच्या रांगेत उभी करायला? आत बंद नळ्यांची एक वाट असते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, मागच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून पातळ होतो, ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळून केसासारख्या बारीक कॅपिलरीतून फ्रीजरच्या कॉइलमध्ये शिरतो, तिथे उकळून आतली उष्णता ओढतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस, तेवढाच गॅस, वर्षानुवर्षं. जळत नाही, झिजत नाही, आटत नाही. माझ्या वडिलांनी १९८८ साली घेतलेला फ्रिज बावीस वर्षं चालला, त्यात एकदाही गॅस भरला नाही. आर-१२ होता त्यात, ओझोनला भोक पाडणारा, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात ज्याच्यावर गंडांतर आलं आणि भारतात २०१० पासून जो बंद झाला तो. जगाने तो गॅस बंद केला तरी आमच्या फ्रिजमधला संपला नव्हता! गॅस कमी झालाय याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. टाकीला भोक असताना वरून पाणी ओतणाऱ्या प्लंबरला सोसायटीत पुन्हा गेटातून आत घेतील का? मग याला आपण दर वेळी चहा का पाजतो?

असो. मी चिडणार नव्हते.

नेमप्लेट वाचू नका. फ्रिजच्या आत किंवा मागे एक चिकटपट्टी असते, तिच्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. माझ्या फ्रिजवर लिहिलंय, आर-६००ए, ४८ ग्रॅम. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याएवढं वजन. त्यात दहा-बारा ग्रॅम इकडेतिकडे झाले की कूलिंगचे बारा वाजतात, म्हणून तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. आमच्या गृहस्थाने काट्याऐवजी परतीच्या नळीवर दोन बोटं ठेवली. "थंड लागली की बस, ताई." सोनाराने असं बोटांनी तोललं असतं तर तुम्ही त्याचं काय केलं असतं?

व्हॅक्यूमचं नाव काढू नका. नळी उघडली की आत हवा जाते, हवेबरोबर दमटपणा जातो, आणि मुंबईत जुलैच्या हवेत गॅलरीत टाकलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तोच दमटपणा मग कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून बसतो आणि वाट बंद. म्हणून पंपाने आतलं सगळं नीट ओढून काढायचं, ड्रायर प्रत्येक वेळी नवा घालायचा. आमच्याकडे पाच मिनिटं झालं ते काम. पंप नव्हताच, भंगारातला एक कॉम्प्रेसर लाकडी फळीवर ठोकून आणला होता. ड्रायर? "आहे तो चांगलाय ताई, कशाला खर्च."

बिल मागू नका. अठरा टक्के वाढतील म्हणतो.

शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा, हा मात्र खरा सल्ला. फ्रिज बंद असलेल्या चार दिवसांत आमचं दूध दुसऱ्या मजल्यावर होतं, डोशाचं पीठ चौथ्यावर, आणि सुरमई कुठेच ठेवता येईना, कारण ज्यांच्या फ्रीजरमध्ये जागा होती ते शाकाहारी निघाले. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी घेतली. तुकडे सात दिले होते, परत पाच आले. मी काही बोलले नाही.

आता तिसरी भेट. जूनचा शेवट, पाऊस मुसळधार, खिडक्या लावलेल्या. रविवारी येणार होता, मेगाब्लॉक म्हणून सोमवारी आला. आल्या आल्या गॅस भरायच्या नळीचं तोंड कापलं, उरलेला गॅस फस्सकन स्वयंपाकघरात सोडला आणि दुसऱ्या मिनिटाला वेल्डिंगचा टॉर्च पेटवायला लायटर काढला. बाजूला शेगडीवर माझं डाळीचं पातेलं. मी हात धरला त्याचा. अक्षरशः मनगट धरलं. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा चुलतभाऊ. पेटतो. हवेपेक्षा जड असतो, म्हणजे खाली फरशीवर साचून राहतो. सिलिंडर गळताना दिसला तर आपण लाइटचं बटणसुद्धा दाबत नाही, आणि इथे हा माणूस ज्योत पेटवतोय. मला म्हणतो, "काही होत नाही ताई, थोडाच असतो. दहा वर्षं हेच करतोय."

त्या दिवशी २,८०० रुपये वाचले. त्याला दारापर्यंत सोडायला मी गेले, आणि तेवढं एकच काम मी या तीन महिन्यांत नीट केलं.

मग ऑफिसमधल्या एका बाईंनी भांडुपच्या एका काकांचा नंबर दिला. साठीचे असतील. आल्यावर पहिलं वाक्य, "गॅसचं नंतर बघू, आधी भोक शोधू." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. शेगडी बंद करून खिडक्या उघडायला लावल्या, उरलासुरला गॅस लांब नळीने खिडकीबाहेर सोडला. सगळ्या जोडांवर बॅटरीचा उजेड टाकून तेलाचा डाग शोधला, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा ठिपका होतो. डाग नव्हता. मग मागची बाजू आणि फ्रीजरची बाजू कापून वेगळ्या केल्या, दोन्हींत नायट्रोजन भरला, दोन्हीला दाब दाखवणारा मीटर लावला आणि साबणाचा फेस ब्रशने जोडांवर फासला. बुडबुडा एकही नाही. "आता चहा द्या," म्हणाले. फ्रीजरकडचा काटा तासाभरात जागचा हलला नाही. मागच्या बाजूचा काटा मात्र चहा संपेपर्यंत बोटभर खाली आला होता.

"बॉडीतली कॉइल गेली," काका म्हणाले. फ्रिजच्या दाराच्या चौकटीत, पत्र्याच्या आत, फोमच्या मागे, मागच्या कॉइललाच जोडलेली गरम गॅसची लोखंडी नळी फिरवलेली असते, दारावर घाम येऊ नये म्हणून. खाली पाणी मुरून ती गंजली होती. तिथे फेस पोहोचतच नाही, मग बुडबुडा कुठून दिसणार. पण काटा खोटं बोलत नाही. त्यांनी ती नळी कायमची बाद केली, मागे बाहेरून नवी कॉइल लावली, जोड ज्योत न पेटवता रिंगा दाबून बसवले, ड्रायर नवा, पाऊण तास व्हॅक्यूम, आणि मग भाजीवाल्यापेक्षा चोख काट्यावर ४८ ग्रॅम. साडेचार हजार घेतले. बिल दिलं, मी न मागता. चौकटीला आता पावसात थोडा घाम येतो, तो फडक्याने पुसते.

म्हणजे हे काम येतं लोकांना. शिकता येतं. नायट्रोजनची टाकी, मीटर, पंप, काटा, साबण आणि दोन तास, एवढंच लागतं त्याला. मग बाकीचे हे काय करतायत? भोक न शोधता गॅस भरणं ही दुरुस्ती नाही, चोरी आहे. आणि ज्याला आपण आयसोब्युटेन हाताळतोय हे माहीत नाही त्याच्या हातात ज्योत देऊन त्याला घरोघरी पाठवणारी कंपनी गुन्हेगार आहे. वर यांचा फोन येतो, "मॅडम, पाच स्टार द्या."

आणि आपण? आपण देतो. मी दिले होते, एप्रिलमध्ये, पाच. मेथीची जुडी घेताना आपण खालची मुळं उचकून बघतो, पन्नास पैशांच्या फरकासाठी बाजाराची दोन टोकं फिरतो, आणि तीन-तीन हजार घेऊन जाणाऱ्याला "भोक कुठे आहे?" हे तीन शब्द विचारायची आपल्याला लाज वाटते. काय म्हणेल तो? म्हणू दे! विचारा. नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा आणि त्याच्या नाकासमोर धरा. काटा आणलाय का, पंप आणलाय का, हे तो फ्रिजला हात लावायच्या आधी विचारा. नाही म्हणाला तर चहा टाकू नका, त्याला त्याच्या चपला दाखवा.