टॉम-जेरीच्या तोंडात बडबड कोंबणं बंद करा!

डोकं फिरलंय माझं. लेकीला दाखवायला टॉम-जेरीचा 'द लिटल ऑर्फन' हा छोटा कार्टूनपट लावला. हॅना-बार्बेरा या दिग्दर्शक जोडीचा, 1949 साली ऑस्कर मिळालेला. जेमतेम सात-आठ मिनिटांचा खेळ. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशी जेरीच्या दारात लंगोट बांधलेलं अनाथ पिल्लू येऊन उभं राहतं, निबल्स. सोबत चिठ्ठी, याला सतत भूक लागते. जेरीकडे दाणा नाही, म्हणून दोघं माणसांच्या भरल्या टेबलावर चढतात, आणि हे पाहुणं दिसेल ते फस्त करत सुटतं.

यात बोलायची गरज कुठे आहे? पण वाहिनीवाल्यांना शांतता सहन होत नाही. वरून हिंदी बडबड चढवलीय, तीही नटांच्या नकला करत. पिल्लू अख्खं संत्रं गिळतं आणि त्याचं अंगच संत्र्याएवढं गोल होतं, ती गंमत डोळ्यांनी बघायची असते. इथे पिल्लू संत्र्याला हात लावायच्या आत एक जण ओरडतो, "अब मैं इसे पूरा खा जाऊँगा!" झालं, सगळी मजा गेली. पुढे जेरीच्या फटक्यानं ते संत्रं सुटून थेट झोपलेल्या टॉमवर जातं. तिथेही यांची किंचाळी आधी.

आणि संगीतकार स्कॉट ब्रॅडलीचं संगीत? त्या माणसानं उंदराच्या पावलापावलावर सूर बसवलेत. दबकत चालणं वेगळं, धूम पळणं वेगळं. वाद्यवृंदाची ती सगळी मेहनत यांनी गोंगाटाखाली गाडून टाकली.

वर चित्राचीही वाट लावलीय. हे सिनेमे थिएटरसाठी बनले, चौकट जवळपास चौरस. आताच्या रुंद पडद्यावर बसवायला वरून-खालून सरळ कापतात. टेबलावर पिल्लू वर चढतंय आणि त्याचं डोकंच गायब!

नव्वदीत केबलवर आम्ही हेच बघायचो. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी बसलेली आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची, तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. लहान पोरांना कळणार नाही असं वाटतं कशावरून तुम्हाला? माझी लेक चार वर्षांची आहे, आवाज बंद केल्यावर ती जास्त हसली. पण मग संगीतही गेलं ना!

रिमोट घेऊन भाषेचे सगळे पर्याय धुंडाळले. हिंदी, तमीळ, तेलुगू, सगळीकडे कुणी ना कुणी बडबडतंय. मूळ आवाजाचा पर्यायच ठेवलेला नाही. तो द्या. पैसे घेता ना महिन्याला!